पोरांना घेऊन डोंगरात: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडीचा सीझन सुरू होतोय आणि यावेळची बहुतेक पत्रं लहान मुलांच्या आईबाबांची आहेत, म्हणून हे अख्खं सदर त्यांनाच दिलंय. काही प्रश्न चार-पाच जणांनी थोड्याफार फरकाने विचारलेत, ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आमची मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच मुक्कामाचा ट्रेक करायचाय. दुकानात गेलो तर तंबू, चार स्लीपिंग बॅग, चौघांचे शूज, स्टोव्ह असं सगळं धरून पस्तीस हजारांच्या वर आकडा गेला. खरंच एवढं लागतं का? (एक आई, डोंबिवली)

नाही लागत. पहिल्या मुक्कामाला तर अजिबातच नाही. मुलांना हे आवडणार की नाही हेच अजून तुम्हाला माहीत नाही, मग आधीच तंबू घेऊन माळ्यावर कशाला टाकायचा? पहिला मुक्काम गावात करा, छपराखाली. राजमाचीला जा ना. लोणावळ्याहून चालत साधारण १५ किलोमीटर पडतं, पण पावसाळा सोडला तर उधेवाडीपर्यंत जीप जाते आणि गावात घराघरात जेवणाची, झोपायची सोय होते. कर्जतकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून येणारी वाट डोंबिवलीकरांना जवळची वाटते, पण ती अंगावर येणारी चढाची आहे, सहा वर्षांच्या पोराला पहिल्याच वेळी ती नको. दुपारपर्यंत उधेवाडीत पोचा, संध्याकाळी मनरंजन, सकाळी श्रीवर्धन (राजमाचीचे हे दोन बालेकिल्ले), मधल्या वेळात तळ्याकाठी उनाडक्या. एवढ्यावर मुलं खूश असतात, त्यांना शिखर-बिखर काही नको असतं.

आता खर्चाचं. पैसे तीन गोष्टींवर घाला, पाय, उजेड आणि पावसा-वाऱ्याचं जाकीट. बाकी सगळं उसनं किंवा भाड्याने मिळतं. तंबू आणि स्लीपिंग बॅग मुंबई-पुण्यात, नाशकात सर्रास भाड्याने देतात.

शूज मात्र स्वतःचेच हवेत आणि ते कसे घ्यायचे ते नीट सांगते कारण निम्मे ट्रेक इथेच फसतात. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला जे जाड मोजे घालणार तेच घालून शूज चढवा, लेस न बांधता पाय पुढे सरकवा आणि टाचेमागे एक बोट जातंय का बघा. मग लेस आवळा आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा, चढून नाही, उतरून. उतरताना अंगठा पुढे टेकत असेल तर तो जोडा कितीही भारी असो, ठेवून द्या, कारण उतारावर तीन तासात नख काळं होतं. सोल रबराचा आणि बोटाने दाबला तर थोडा दबणारा हवा. कडक चकचकीत प्लास्टिकसारखा सोल ओल्या कातळावर घसरतो. सह्याद्रीत फिरणारी जुनीजाणती मंडळी वर्षानुवर्षं साधे, स्वस्तातले अ‍ॅक्शन ट्रेकिंग शूज वापरतात ते याच ग्रिपसाठी. मुलांसाठी ‘पुढच्या वर्षीपण होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, आत पाय हलला की फोड आलेच.

उजेड म्हणजे प्रत्येकाच्या डोक्याला हेडलॅम्प, मुलांच्यासुद्धा. मोबाईलचा टॉर्च हा उजेड नाही, त्यात एक हात अडकतो आणि रात्री ज्याच्यावरून मदत मागायची त्याचीच बॅटरी संपते.

स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना लेबलवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं कम्फर्ट लिहिलेलं तेवढं बघा, एक्स्ट्रीमचा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, झोप लागण्यासाठी नाही. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत पहाटे आठ-दहा डिग्रीपर्यंत उतरतं, कधी त्याच्याही खाली, त्यामुळे पाच डिग्री कम्फर्टवाली बास. पण बॅगेपेक्षा खालची कॅरीमॅट महत्त्वाची, लोक नेमकी तीच विसरतात. थंडी जमिनीतून चढते. मॅट नसेल तर चांगल्या बॅगेतसुद्धा रात्रभर कुडकुडाल. आणि लहान मूल मोठ्यांच्या बॅगेत झोपणार असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून सुतळीने बांधून टाका, नाहीतर तेवढी मोकळी हवा गरम करण्यात त्याची ऊब जाते.

मुलांच्या पाठीवर त्यांची छोटी सॅक असू द्या. स्वतःची पाणी बाटली, खाऊ, जाकीट, शिट्टी. वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको, म्हणजे २० किलोच्या मुलाला दोन किलो.

प्रश्न: माझा ११ वर्षांचा मुलगा सर्व्हायव्हलचे व्हिडिओ बघतो. काड्या घासून आग, वेलीतून पाणी, किडे खाणे. आता त्याला जंगलात जाऊन हे करायचंय. त्याला खरंखुरं काय शिकवावं? (एक बाबा, नागपूर)

पोरगं उत्सुक आहे ही मोठी गोष्ट आहे, तिला पाणी घाला, फक्त दिशा बदला. आपल्याकडे डोंगरात माणूस अडचणीत येतो तो किडे न खाल्ल्यामुळे नाही. तो येतो वाट चुकल्यामुळे, अंधार पडल्यामुळे, पाणी संपल्यामुळे आणि घसरल्यामुळे. म्हणून पहिलं कौशल्य म्हणजे हरवल्यावर काय करायचं.

मुलाला एकच नियम पाठ करून द्या. आपण दिसेनासे झालो की थांबायचं. जिथे कळलं तिथेच, एखादं झाड धरून बसायचं आणि शिट्टी वाजवायची. चालत राहिलेलं मूल शोधणं फार कठीण, एका जागी बसलेलं सापडतं. डोंगरातला पुष्कळ देशांत मानलेला संकटाचा इशारा म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन शिट्ट्या येतात. हे घराजवळच्या बागेत खेळ म्हणून खेळा, एकाने लपायचं, दुसऱ्याने आवाजावरून शोधायचं. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधलेली हवी, कप्प्यात नाही. आणि मुलांना भडक कपडे घाला, केशरी, पिवळे, लाल. खाकी आणि मिलिटरी छाप पोरांना फार आवडतात पण शोधणाऱ्याच्या नजरेला ते दिसत नाहीत.

दुसरं कौशल्य वाट वाचणं. मळलेली वाट आणि ढोरवाट यातला फरक त्याला दाखवा. मळलेल्या वाटेवर दगड झिजलेले असतात, फाट्यावर कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवलेले असतात किंवा बाण रंगवलेला असतो. ढोरवाट सुरुवातीला अगदी तशीच दिसते आणि मग पाच-पंचवीस पावलांवर कारवीत नाहीतर झुडपात विरून जाते. विरली की पुढे रेटायचं नाही, शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती तिथे परत यायचं. दर फाट्यावर मागे वळून बघायची सवय लावा, परतताना तीच जागा वेगळी दिसते. आणि हे मोठ्यांनीही लक्षात ठेवा, ‘ओढ्याने खाली गेलं की गाव लागतं’ हे सपाटीवर खरं असेल पण सह्याद्रीत घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरणारी नाळ, म्हणजे ओढ्याची अरुंद घळ, बऱ्याचदा थेट कड्यावर जाऊन संपते. वरून खाली उडी मारून उतरता येतं, परत वर चढता येत नाही आणि मग माणूस मध्येच अडकतो. रेस्क्यूवाल्यांना अशाच जागी दोर लावावे लागतात.

आग पेटवायला शिकवाच, पण लायटर आणि कापराने. कापराची वडी भिजली तरी पुसून पेटते, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पावसातसुद्धा जळत राहतात. शिकवायची जागा म्हणजे अंगण, गच्ची किंवा शेत. राखीव जंगलात आग लावायला परवानगी नसते आणि फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ, तेव्हा विदर्भातला पानगळीचा पाला एका ठिणगीने पेटतो. आग पेटवण्याइतकंच विझवणं शिकवा. पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात लावून बघा. निखारा गार लागला पाहिजे.

तुम्ही नागपूरचे म्हणून एक वेगळं. तुमच्याकडची जंगलं वाघाची आहेत, तिथे पायी हिंडायचं ते वनखात्याने ठरवलेल्या वाटेवर आणि गाईड घेऊनच. मोहफुलं, तेंदूपत्ता वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या आणि वाकून काम करणाऱ्या माणसांवर हल्ले होतात हे तुम्ही दरवर्षी पेपरात वाचता, वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मुलालाही हे सांगा, त्याला भीती नाही वाटणार, जंगलाबद्दल आदर वाटेल. चालायचंच असेल तर चिखलदऱ्याला न्या, हवा गार, गाविलगडसारखा किल्ला जवळ. आणि आकाश बघायचं असेल तर पेंच. २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ध्रुव तारा शोधून उत्तर दिशा काढणं हे त्याचं तिसरं कौशल्य तिथेच होऊन जाईल.

प्रश्न: ट्रेकला जाताना सापावरचं औषध, म्हणजे अँटिव्हेनम सोबत ठेवावं का? एकाने विष ओढून काढायचा पंप घ्यायला सांगितलाय. तंबूभोवती कार्बोलिक अ‍ॅसिड टाकतात ते खरंच उपयोगाचं असतं का? (एक वाचक, कणकवली)

तिन्हीला नाही. अँटिव्हेनम डॉक्टरांनीच द्यायचं असतं, शिरेतून, सलाईनमधून, कारण त्याचीच जोरदार अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि ती आली तर सांभाळायला औषधं आणि माणसं लागतात. पंपाने विष निघत नाही, उलट जखम वाढते. कार्बोलिकने साप थांबत नाही आणि मुलांच्या हाता-डोळ्याला लागलं तर भाजतं ते वेगळंच.

आपल्याकडे जीवावर बेतणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. तुमच्या कोकणात फुरसं भरपूर, दगडाखाली, गवतात, आकाराने लहान म्हणून लोक दुर्लक्ष करतात. आंबोलीकडे हिरवा चापडा फांदीवर बसलेला असतो, म्हणून झाडीतून जाताना फांद्या न बघता धरायच्या नाहीत. पण मुक्कामाला सगळ्यात जास्त काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश इतका बारीक की पुष्कळदा दुखतच नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. ही लक्षणं दिसली की साप दिसला नाही म्हणून वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा.

बचाव फार सोपा आहे हो. मंदिरात किंवा गुहेत उघड्यावर झोपण्यापेक्षा चेन लावलेला तंबू किंवा नीट खोचलेली मच्छरदाणी. तंबूची चेन दिवसासुद्धा बंद, पोरं हे हमखास विसरतात. शूज आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री शू करायला जाताना टॉर्च आणि बंद शूज, चप्पल नाही. दगडाच्या फटीत, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. उरलेलं अन्न तंबूजवळ टाकलं की उंदीर येतात, त्यांच्यामागे साप येतो.

दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, मंत्र-जडीबुटीत एक मिनिटही घालवायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा कारण सूज येते. हात किंवा पाय काठीचा आधार देऊन हलणार नाही असा बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतो तसा, सैलसर. दंशाची वेळ लिहून ठेवा. रुग्णाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधीच कळवून ठेवा की येतोय. साप मारून सोबत न्यायची गरज नसते, आपल्याकडचं अँटिव्हेनम या चारही सापांवर एकत्रच चालतं. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात असा अंदाज आहे आणि त्यातली कितीतरी वेळेत दवाखान्यात न पोचल्यामुळे. म्हणून ट्रेक ठरवताना पायथ्याचं गाव कुठलं आणि तिथून हॉस्पिटल किती लांब, हे जेवणाच्या मेनूच्या आधी ठरवा.

प्रश्न: गडावरच्या टाक्यातलं पाणी मुलांना देऊ का? तुरटी फिरवली की चालतं असं सासूबाई म्हणतात. (साताऱ्याची वाचक)

सासूबाईंची तुरटी अर्धं काम करते. गढूळ पाणी निवळायला ती उत्तम, पण जंतू तिने मरत नाहीत. तेव्हा आधी फडक्याने गाळा, तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मग वरचं पाणी खळखळून उकळा, चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरेसं. सरपण किंवा गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या लिटरला आणि निदान अर्धा तास थांबून. पाणी फार गार असेल तर अजून थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट चालत नाही म्हणून आधी निवळणं आलंच.

मुलाला दिवसाला दीड ते दोन लिटर, मोठ्याला तीन, उन्हाळ्यात याच्या वर. तहान लागल्यावर नाही, दर अर्ध्या तासाला दोन घोट. जुलाब किंवा ऊन लागलं तर ओआरएसची पाकिटं हवीत, नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, लहान मुलांना ते बाधतं.

आणि एक विनंती, टाक्यात पाय सोडून बसू नका, भांडी घासू नका. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने कातळ फोडून ते पाणी साठवलंय आणि मागून येणाऱ्याला तेच प्यायचंय. पाणी बाटलीत काढून घ्या आणि लांब जाऊन धुवा.

प्रश्न: पावसाळ्यात मुलांना धबधब्यावर नेणं कितपत सेफ आहे? आणि वीज चमकायला लागली तर गडावर काय करायचं? (दोन-तीन वाचक, पुणे आणि पिंपरी-चिंचवड)

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. घोळका करून एकमेकांना धरून प्रवाहात मधोमध उभी होती आणि पाणी बघता बघता वाढलं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण त्या जागी आपल्यापैकी कुणीही असू शकतं, पाणी घोट्याएवढं असताना ते घाबरवणारं दिसतच नाही. पाऊस तुमच्या डोक्यावर नसतो, वर माथ्यावर पडत असतो आणि कातळावरून ते सगळं पाणी काही मिनिटांत खाली येतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आवाज बदलला, की मोबाईल-चप्पल काही न बघता बाजूला नाही, वर चढायचं. मुलांना घेऊन मुळात प्रवाहात उभंच राहू नका. धबधबा लांबून बघायचा, तुषार अंगावर घ्यायचे, बास. ओढा ओलांडावाच लागला तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मुलांसोबत ओलांडायचं नाही, थांबायचं किंवा मागे फिरायचं. सांधण दरी तर पावसाळ्यात नाहीच, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि पाणी आलं तर वर चढायला जागा नाही.

कपड्यांचंही बोलते. जीन्स घालून पावसात ट्रेक करू नका. सुती कपडा भिजला की वाळत नाही, वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतो आणि जुलैमध्येसुद्धा लहान मूल थंडीने काकडतं. दात वाजायला लागले, बडबडं पोर गप्प झालं, पायात अडखळायला लागलं, म्हणजे ते दमलेलं नाही, गारठलंय. लगेच आडोसा, कोरडे कपडे, गरम गोड काहीतरी. एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि काहीही झालं तरी मुक्कामाच्या आधी उघडायचा नाही, फक्त अशा वेळी उघडायचा.

वीज मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबरची, आणि बहुतेक वेळा दुपारनंतरची. म्हणून या महिन्यांत दुपारी बाराच्या आत माथा सोडून उतरायला लागा. चमकल्यापासून गडगडेपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. माथा, एकटं झाड, लोखंडी रेलिंग, शिड्या, झेंड्याचा खांब यांपासून लांब व्हा. गुहेच्या तोंडाशी किंवा भिंतीला टेकून बसू नका. एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या मगच निघा.

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर न्यावा का, कुठे लागला तर? आणि माझे दहा वर्षांपूर्वीचे चांगले ट्रेकिंग शूज पडून आहेत, चालतील का? (नाशिक)

दोर सामान बांधायला, कपडे वाळत घालायला न्या. त्याला माणूस लटकवायचा नाही. चढाईचा दोर वेगळा असतो, झटका बसला की ताणून तो झटका खातो, आणि तो वापरायला शिकलेलं माणूस सोबत लागतं. ज्या वाटेला दोर लागतो ती वाट फॅमिलीची नाही. अडकलातच तर खाली उतरायचा खटाटोप करण्यापेक्षा आहात तिथे थांबून ११२ ला फोन लावा, तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची रेंज असेल तर हा फोन लागतो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याला शिवदुर्ग मित्रची मंडळी आहेत, मध्यरात्री हाक मारली तरी जीवावर उदार होऊन येतात.

शूजचं, अजिबात नको. वरून नवीन दिसतात पण आतला फोमसारखा थर दमट हवेत नुसता पडून पडून कुजतो आणि मग अर्ध्या वाटेत सोल सुटून हातात येतो. सोल अंगठ्याने दाबून, जोडा पिळून बघा, बारीक भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर टाकून द्या. नवीन शूज असले तरी पाण्याच्या बाटलीला दोन-तीन मीटर कापडी चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, सुटलेला सोल, फाटलेला तंबू, मोडलेली काठी, सगळ्याला चालते.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांना घेऊन कॅम्पिंग सुरू केलंय. अस्वलाची भीती वाटते, त्यात आपल्या जेवणाचे वास! भारतातून आलेले आजी-आजोबाही सोबत असतात. (एक कुटुंब, एडिसन)

तुमच्याकडे काळं अस्वल आहे, ते बहुतेकदा माणसाला टाळतं, त्याला अन्न हवं असतं. वास मसाल्याचा की बर्गरचा याने त्याला फरक पडत नाही. नियम एकच, वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत नाही. लाडू, चिवडा तर नाहीच, पण टूथपेस्ट, लिपबाम, आजोबांचा बाम, आजींचं खोबरेल तेलसुद्धा गाडीत किंवा कॅम्पसाईटवरच्या लोखंडी पेटीत. ज्या कपड्यांवर फोडणी दिली ते बदलून झोपा. खरकटं पाणी तंबूजवळ ओतू नका. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, मुलांना जवळ ओढून हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरकायचं.

खरं सांगू का, अस्वलापेक्षा तुमच्या भागात गोचिडाची काळजी जास्त घ्या. काळ्या पायांची बारीक गोचीड, पिल्लू असताना तिळाएवढीसुद्धा नसते, तिच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. फुल पँट मोज्यात खोचा, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांना आणि शूजना मारा, अंगाला नाही. रोज संध्याकाळी मुलांची काख, जांघ, गुडघ्याच्या मागे, कानामागे, केसांत बघा, आजी-आजोबांचंही बघा, त्यांना स्वतःला दिसत नाही. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल, रॉकेल, काडी लावायची नाही. लाइमचे जंतू अंगात जायला सहसा २४ तासांच्या वर लागतात म्हणून रोज बघण्याला एवढं महत्त्व. नंतर गोल पसरत जाणारा लाल डाग किंवा ताप आला तर डॉक्टर.

घरून लाकडं नेऊ नका, लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात. न्यूयॉर्क राज्यात तर प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांच्या पलीकडे न्यायला बंदीच आहे. जिथे राहाल तिथलंच विकत घ्या.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, रोज चार किलोमीटर चालतात. त्यांना एकदा कळसूबाई करायचाय. नातवंडंही येणार. नेऊ का? (अहिल्यानगर)

न्या, पण आधी डॉक्टरांना दाखवून, आणि सपाटीवरचं चालणं हे चढाचं माप नाही हे लक्षात घेऊन. पुढचे दोन महिने त्यांना जिने चढू-उतरू द्या, मग कोरीगड किंवा लोहगडासारखा पायऱ्यांचा सोपा गड करून बघा, दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते विचारा. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, बारी गावातून वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे वाट चुकायची भीती कमी. पण चढ लांब आहे आणि सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांग लागते, त्या रांगेत वयस्कर माणसाला आणि लहान मुलाला मागून घाई होते. मधल्या वारी जा.

हिशोब असा करा. धडधाकट माणसाला पाच किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला अजून एक तास, असं जुनं गणित आहे. मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर जे उत्तर येईल त्याच्या दुप्पट धरा. पहाटे निघा. आणि पायथ्याशीच सगळ्यांसमोर ठरवा की बारा वाजता जिथे असू तिथून परत, मग शिखर अर्ध्या तासावर दिसत असलं तरी. हे वर गेल्यावर ठरवायचं नसतं, वर गेल्यावर कुणाचीच इच्छा होत नाही. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे ठेवा, त्याच्या चालीने सगळे, आणि एक मोठं माणूस कायम शेवटी. दोन काठ्या घ्या, गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. बीपी-शुगरच्या गोळ्या वडिलांच्या सॅकमध्ये एक जोड आणि तुमच्या सॅकमध्ये एक जोड. शुगर असेल तर खिशात साखर किंवा गूळ. छातीत जड वाटलं, जबडा-हात दुखायला लागला, घाम फुटला तर ‘जरा दम लागलाय’ असं म्हणू देऊ नका, तिथेच बसवा आणि १०८ लावा.

प्रश्न: दोन दिवसांच्या ट्रेकला घरून काय करून नेता येईल? मॅगी नको. (तीन-चार आयांचा एकच प्रश्न)

दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, पाण्याचा थेंब नाही, थंडीत दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी, लसूण घालून, पण ओलं खोबरं नाही, ते लगेच खवट होतं. तिळगुळाच्या पोळ्या हिवाळ्यात झकास. भात, पनीर, उकडलेला बटाटा असं ओलसर काही दुपारच्या पुढे नेऊ नका, सॅकमध्ये ऊन लागून आंबतं. सातूचं पीठ आणि गूळ न्या, गार पाण्यात कालवलं की नाश्ता झाला, स्टोव्हच नको. चालता चालता खायला राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, प्रत्येक मुलाच्या खिशात वेगळी पुडी, म्हणजे भांडण नाही आणि हळूहळू खातात. रात्री चूल किंवा स्टोव्ह असेल तर गरम मेतकूट-भात आणि तूप. गॅसचा स्टोव्ह मात्र तंबूच्या आत कधीही पेटवायचा नाही, थंडी असो की पाऊस, बंद जागेत विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. तूप छोट्या स्टीलच्या डबीत न्या, झाकणाला चिकटपट्टी लावून.